होर्नच्या सहलीआधी: नेदरलँड्समधल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

यंदाची उन्हाळी सहल होर्न आणि एन्काउझनला न्यायची असं ग्रुपवर चाललंय, जुनी बंदरं, वाफेची गाडी, चीज, दुपारी बोटीतून चक्कर, आणि मेसेजच्या शेवटी लिहिलंय की व्यापाराच्या जोरावर जगभर पोचलेल्या डचांच्या सुवर्णयुगाची मुलांना ओळख व्हावी. सहलीला माझा अजिबात विरोध नाही, मी स्वतः येणारे, डब्यांचं पण बघतो. पण ती शेवटची ओळ वाचून राहवलं नाही म्हणून हे लिहितोय, कमिटीला तर आहेच पण हेग, आइंडहोव्हन, रॉटरडॅम, आम्स्टेलव्हेन सगळीकडच्या आपल्या लोकांना पण, कारण गावाकडून आईबाबा नाहीतर सासूसासरे आले की त्यांना कालव्यांच्या काठाने फिरवताना आपण सगळेच हीच गोष्ट सांगतो. एवढासा देश, पाव भाग समुद्रसपाटीच्या खाली, पण माणसं हुशार आणि चिकट, जहाजं बांधली, मसाले आणले आणि श्रीमंत झाले.

मसाले आणले म्हणजे कुठून आणले, कोणाकडून, आणि तिथल्या लोकांचं पुढे काय झालं, हा मधला भाग आपण गाळतो. आणि होर्नमध्ये तर तो भर चौकात उभा आहे. जिथे आपण ग्रुप फोटो काढणार त्या जागी यान पीटरसोन कूनचा पुतळा आहे, १८९३ साली उभारलेला. हा कून होर्नचाच, १५८७ चा जन्म, डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल झाला, १६१९ मध्ये बटाव्हिया म्हणजे आजचं जकार्ता त्यानेच वसवलं. बऱ्याच वर्षांच्या वादानंतर २०१२ मध्ये नगरपालिकेने पुतळ्याखालची पाटी बदलली आणि त्याच्या हिंसेचाही उल्लेख घातला. म्हणजे होर्नवाल्यांनी स्वतः लिहून ठेवलंय ते, आपण निदान वाचून तरी दाखवायला पाहिजे ना.

त्या पाटीमागची गोष्ट बांदा बेटांची. इंडोनेशियाच्या पूर्वेला, नकाशात बोटाच्या टोकाखाली झाकली जातील अशी दहाएक बेटं. आपण पुरणात, श्रीखंडात, बासुंदीत जे जायफळ किसून घालतो ते त्या काळी जगात फक्त तिथे यायचं, आणि त्याच्यावरची लाल जाळी म्हणजे जायपत्री पण तिथलीच. बांदाचे लोक काही जगापासून तुटलेले नव्हते, ते स्वतः व्यापारी होते, जावा, मकास्सार, मलाक्का इथल्या जहाजांशी शेकडो वर्षं त्यांचा व्यवहार चालायचा, कारण बेटावर भात पिकत नव्हता, तांदूळ आणि कापड बाहेरून यायचं आणि बदल्यात जायफळ जायचं. राजा नव्हता, गावोगावचे प्रतिष्ठित लोक बसून ठरवायचे, त्यांना ओरांग काया म्हणत. डचांनी त्यांच्याकडून करार करून घेतले की जायफळ फक्त आम्हालाच विकायचं आणि आम्ही सांगू त्या भावाने. डच जे देत होते त्यात बेटांवरच्या लोकांचं भागेना, मग ते आधीसारखंच जावाच्या लोकांना विकत राहिले, इंग्रजांना पण विकत राहिले. कंपनीच्या लेखी हा करारभंग.

१६२१ मध्ये कून मोठं आरमार घेऊन तिथे उतरला. ८ मे १६२१ ला बांदा नाइरा बेटावरच्या किल्ल्याजवळ बांबूच्या कुंपणात ४४ ओरांग कायांना आणलं आणि कंपनीच्या पगारावरच्या जपानी तलवारबाजांकडून त्यांना मारलं. तिथे हजर असलेल्या एका डच अधिकाऱ्याने हे लिहून ठेवलंय आणि त्याला स्वतःलाच ते बघवलं नव्हतं हे त्याच्या लिहिण्यातून कळतं. बाकीचे लोक डोंगरावर पळाले, उपासमारीने मेले, कड्यांवरून उड्या टाकल्या, होड्यांमधून निसटले, शेकडो जणांना गुलाम करून बटाव्हियाला नेलं. बेटांची वस्ती साधारण १५,००० होती असा अंदाज करतात, त्यातली हजारभर माणसं जेमतेम उरली. आम्स्टरडॅमच्या संचालकांनी कूनला थोडं खडसावलं आणि बक्षीस पण दिलं.

नंतर काय केलं तर मोकळ्या झालेल्या जमिनीचे ६८ तुकडे पाडले, डच माणसांना कसायला दिले, प्रत्येक बागेत गुलाम आणून कामाला लावले, आणि जायफळ कंपनी ठरवेल त्या भावाने कंपनीलाच द्यायचं. बाहेर जाणारं जायफळ चुन्याच्या पाण्यातून काढायचे की कोणी दुसरीकडे नेऊन पेरलं तर रुजू नये. लवंगेचं पण तसंच, आंबोन बेटाच्या आसपास जी झाडं कंपनीच्या हिशोबात बसत नव्हती ती दरवर्षी होड्यांचा ताफा नेऊन तोडली जायची. झाड, जमीन, माणूस, भाव सगळं एकाच मुठीत. मला विचाराल तर ही गोष्ट नवीन होती. लढाया, लूट, गुलामी आशियात आधी नव्हती असं कोणी म्हणू नये, भरपूर होती. पण हजारो मैल लांब बसलेल्या वहीतल्या नफ्यासाठी एका अख्ख्या समाजाला उचलून फेकायचं आणि त्या जागी बाहेरून माणसं आणून एकच पीक काढत राहायचं, हे या समुद्री साम्राज्यांनी पद्धतशीरपणे जगभर नेलं, बांदात जायफळ, कॅरिबियनमध्ये आणि ब्राझीलमध्ये ऊस.

आणि ती वही कोणाची होती हे पण मुलांना सांगण्यासारखं आहे, इथे मला खरंच कंपनीचं आश्चर्य वाटतं. २० मार्च १६०२ ला डच संसदेने कंपनीला सनद दिली, केप ऑफ गुड होपच्या पूर्वेचा सगळा व्यापार हिचा, वर करार करायचा, किल्ले बांधायचा, सैन्य ठेवायचा हक्क. सहा शहरांत सहा चेंबर म्हणजे शाखा, त्यातलं एक होर्न आणि एक एन्काउझन, म्हणजे आपली सहल ज्या दोन गावांना चाललीये ती दोन्ही मालक गावं. भांडवल साधारण ६४ लाख गिल्डर (तेव्हाचं डच चलन) जमलं आणि ते फक्त बड्या लोकांचं नव्हतं. आम्स्टरडॅममध्ये वर्गणी एका संचालकाच्या घरी लिहून घेत होते, दिर्क फान ओस त्याचं नाव, आणि मुदतीच्या शेवटी शेवटी त्याच्याच घरातल्या मोलकरणीने, नेल्टखन कॉर्नेलिस तिचं नाव, १०० गिल्डर लावले. मोलकरणीची ती आयुष्यभराची पुंजी असणार. तिने काही पाप केलं नाही, आपण म्युच्युअल फंडात टाकतो तसे तिने टाकले. पैसे मधेच परत मागता येत नव्हते पण शेअर दुसऱ्याला विकता यायचा, त्यातून आम्स्टरडॅमचा शेअरबाजार उभा राहिला, १६०९ मध्ये इझाक ल मेअरने भाव पाडायचा खेळ केला आणि १६१० मध्ये असल्या खेळावर बंदी पण आली. आज आपल्यातले निम्मे लोक बँकेत नाहीतर फिनटेकमध्ये काम करतो, त्या धंद्याची मुळं इथे आहेत, आणि मोलकरणीचे १०० गिल्डर ज्या जहाजांना लागले त्यातलीच काही पुढे बांदाला गेली. हे दोन्ही एकत्र सांगितल्याशिवाय गोष्ट पूर्ण होत नाही असं माझं म्हणणं.

कंपनीची जहाजं चालवणारे पण काही मजेत नव्हते. १६०२ ते १७९५ मध्ये जवळपास १० लाख माणसं कंपनीच्या जहाजांतून आशियाला निघाली, त्यात जर्मनीतली गरीब पोरं पुष्कळ, आणि निम्म्याहून जास्त कधी परत आलीच नाहीत, ताप, स्कर्व्ही, वादळ. आम्स्टरडॅमच्या जहाज म्युझियममधली ती मोठी प्रतिकृती, जिच्यावर आपली मुलं तोफांपाशी फोटो काढतात, ते मूळ जहाज १७४९ मध्ये पहिल्याच सफरीत इंग्लंडच्या किनाऱ्याला लागून बुडालं.

आता आपला संबंध काय, असं कोणीतरी म्हणणार, म्हणून सांगतो.

युरोपला आशियाचं सगळं पाहिजे होतं पण आशियाला युरोपचा माल फारसा नको होता, लोकरीचे तागे बांदाच्या उकाड्यात कोण घालणार. चालायची ती फक्त चांदी. ती चांदी अमेरिकेतून, मुख्य म्हणजे आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरातून, जिथे स्थानिक लोकांना सक्तीने खाणीत उतरवत होते, स्पेनच्या जहाजांतून यायची, युरोपभर फिरायची आणि शेवटी सुरतेच्या टांकसाळीत वितळून रुपये व्हायची नाहीतर चीनमध्ये जिरायची. कूनने १६१९ मध्ये संचालकांना कळवलं की चांदी दरवर्षी पाठवत बसायची गरजच नाही, आशियातल्या आशियात फिरवा: गुजरातच्या कापडावर सुमात्रात मिरी आणि सोनं घ्या, कोरोमंडलच्या कापडावर मसाले घ्या, चिनी मालावर जपानची चांदी घ्या. म्हणजे सगळं चाक फिरत होतं ते भारतातल्या विणकराच्या कापडावर. मच्छलीपट्टणम, पुलिकत, सुरत, भडोच इथे कंपनीने वखारी घातल्या त्या हौसेने नाही. विणकरांना कामही भरपूर मिळालं, चांदी आली, सावकार मोठे झाले, हे पण खरं, त्यात एकतर्फी रडगाणं गायचं कारण नाही. पण त्याच कोरोमंडल किनाऱ्यावर दुष्काळ पडला की पोटासाठी विकली जाणारी माणसं वाढायची आणि कंपनी ती विकत घेऊन बटाव्हियाला, मसाल्याच्या बेटांना पाठवायची. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या जुन्या कागदांत गुलामांची नावं सापडतात, कोणी फान बेंगालेन, कोणी फान मलबार, म्हणजे बंगालची, मलबारची. आईबापांनी ठेवलेलं नाव गेलं, कुठून उचलली तेवढं राहिलं. १६५२ नंतरच्या दीडशे वर्षांत साधारण ६०,००० गुलाम तिथे आणले, त्यातले पाव भाग तरी आपल्या उपखंडातले होते.

आणि कोकण. १६३७ मध्ये विजापूरच्या आदिलशहाच्या परवानगीने डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली, तिचे अवशेष अजून आहेत तिथे, सावंतवाडी मालवणकडच्या आपल्या मंडळींनी बघितले असतील. वेंगुर्लाच का, तर गोवा शेजारी. पोर्तुगीजांनी शंभर वर्षं आधी येऊन अरबी समुद्रात परवाने चालू केले होते, त्यांचा कागद नसेल तर जहाज धरायचे, ज्या पाण्यात कोणाचीच मालकी नव्हती तिथे कर बसवला. त्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करायला डच आरमार पावसाळा संपला की गोव्याच्या तोंडाशी येऊन उभं राहायचं, त्याला दाणापाणी वेंगुर्ल्यातून. म्हणजे लिस्बन आणि आम्स्टरडॅमचं भांडण आपल्या मांडवीच्या तोंडाशी चाललं होतं. शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या पण वेंगुर्ल्याच्या वखारीतून बटाव्हियाला आणि तिथून इकडे जायच्या. आणि १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेत महाराजांनी डचांना जो कौल म्हणजे परवानगीचा लेखी हुकूम दिला त्यात स्पष्ट आहे की आमच्या मुलखात माणसं विकत घ्यायची नाहीत आणि बाहेर न्यायची नाहीत. हा कौल आपल्याला माहीत आहे तो डच कागदांमुळे. शिवजयंतीला आपण इथे पोवाडे म्हणतो, ढोल वाजवतो, पण ज्या देशात राहतो त्याच देशाच्या कंपनीला घातलेली ही अट मंडळाच्या स्टेजवरून मी तरी कधी ऐकली नाही.

अजून एक धागा, तो तर रोज आपल्याला भेटतो. अटलांटिक समुद्रावरून डच जहाजांनी साडेपाच सहा लाख आफ्रिकन माणसं गुलाम म्हणून नेली, दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामच्या उसाच्या मळ्यांवर आणि कॅरिबियनमधल्या क्युरासाओ बेटाच्या बाजारात. ती माणसं विकत घ्यायला जो माल आफ्रिकेत जायचा त्यात कोरोमंडलचं कापड होतं. १ जुलै १८६३ ला गुलामी बंद झाली, भरपाई मिळाली ती मालकांना, सुरिनाममध्ये माणशी ३०० गिल्डर, आणि सुटलेल्या लोकांना अजून दहा वर्षं मळ्यांवर राबवलं. ती दहा वर्षं संपली १८७३ मध्ये, आणि कलकत्त्याहून निघालेलं लल्ला रूख जहाज मजूर घेऊन त्याच वर्षी ५ जूनला सुरिनामला पोचलं. १९१६ पर्यंत ३४,००० वर माणसं गेली, बहुतेक भोजपुरी मुलखातली. हेगमधले हिंदुस्तानी दुकानदार, ज्यांच्याकडे आपण भाजी आणि अगरबत्ती घेतो, ते त्यांचे वंशज. आपल्यातले काही जण त्यांना खरे भारतीय नाही म्हणून बाजूला काढतात, हे मी आपल्याच कार्यक्रमांत कानांनी ऐकलंय आणि मला त्याची फार लाज वाटते. आपण व्हिसा आणि पगाराची स्लिप घेऊन विमानाने आलो, त्यांच्या पणज्या करारावर अंगठा उठवून बोटीत चढल्या होत्या.

मोलुकन लोकांचं, म्हणजे इंडोनेशियाच्या पूर्वेकडच्या मालुकू बेटांवरच्या लोकांचं पण तसंच. १९५१ मध्ये साधारण १२,५०० मोलुकन, डच सैन्यातले शिपाई आणि त्यांची कुटुंबं, इकडे आणली, थोड्या दिवसांसाठी म्हणून, आणि जुन्या छावण्यांमध्ये कुठे कुठे तर नाझींच्या काळातल्या, वर्षानुवर्षं ठेवली. बांदा त्यांच्याच मुलखातलं. आणि बांदाचे जे मूळ लोक होड्यांतून निसटले होते त्यातले काही काई बेटांवर पोचले, तिथे बांदा एली आणि बांदा एलात नावाची त्यांची गावं आहेत, बांदाची मूळ भाषा आज तिथे बोलली जाते, बांदात नाही. चारशे वर्षं झाली.

आता दोन आक्षेप, जे ग्रुपवर येणारच. एक म्हणजे आपण इथे पाहुणे, यांच्या इतिहासात कशाला नाक खुपसायचं. अहो, पण डच लोक स्वतः बोलतायत, तेव्हाचे पंतप्रधान रुट्टे यांनी १९ डिसेंबर २०२२ ला गुलामगिरीबद्दल माफी मागितली, राजा विलेम-अलेक्झांडरने १ जुलै २०२३ ला आम्स्टरडॅमच्या ऑस्टरपार्कमध्ये सगळ्यांसमोर मागितली. आणि आपल्यातल्या कित्येकांकडे आता डच पासपोर्ट आहे, मुलं इथेच जन्मलीत, पाहुणे कसले. दुसरा आक्षेप म्हणजे मराठ्यांनी काय कमी केलं. बरोबर आहे, १७४२ ते १७५१ च्या बंगालवरच्या स्वाऱ्यांत मराठा फौजांनी जे केलं ते बंगाली आया अजून अंगाईत म्हणतात, ते पण मुलांना सांगायचंच, मी स्वतः सांगतो. एकाचं पाप दाखवून दुसऱ्याचं झाकायचं नाहीये कोणाला. मुद्दा एवढाच की ज्या घरात राहायला आलोय ते कशातून बांधलं गेलं हे माहीत असावं.

तर कमिटीला माझ्या मागण्या, फार नाहीत. होर्नला गेलो की चौकात दहा मिनिटं थांबायचं, पाटी मोठ्याने वाचायची, एक जण डचमध्ये आणि एक जण मराठीत, आणि बांदाचं सांगायचं. लहान मुलांना किती आणि कसं सांगायचं याचा विचार करून मी एक पान लिहून देतो, पाचवी सहावीच्या मुलांना सगळं कळतं. आम्स्टरडॅमला पाहुण्यांना नेलं तर डाम चौकातल्या राजवाड्यात आत जा, दिवाणखान्याच्या संगमरवरी फरशीवर जगाचे नकाशे कोरलेत, लोक त्यावरून चालतात, आणि इमारतीच्या मागच्या बाजूला वर शिल्प आहे, सगळे खंड आम्स्टरडॅमला माल आणून देतायत. १६५५ च्या सुमाराला हे शहर स्वतःला काय समजत होतं ते तिथे पायाखाली आणि डोक्यावर दिसतं, गाईडची गरज नाही. १ जुलैला ऑस्टरपार्कमध्ये गुलामीच्या स्मृतिदिनाला मंडळातर्फे दहावीस जण तरी जाऊ, नुसतं उभं राहायला. आणि दिवाळीच्या कार्यक्रमाला एकदा मोलुकन आणि सुरिनामी हिंदुस्तानी मंडळींना बोलवू, भाषण ठोकायला नाही, फराळाला, त्यांच्याकडच्या गोष्टी ऐकायला.

शेवटचं जरा वेगळं आहे आणि माझ्या सगळ्यात जवळचं. हेगच्या राष्ट्रीय पुराभिलेखागारात कंपनीचे कागद आहेत, रांगेत लावले तर एक किलोमीटरच्या वर भरतील, बरेचसे आता स्कॅन करून ऑनलाइन टाकलेत आणि कॉम्प्युटरने वाचलेला मजकूर शोधता पण येतो. त्यात वेंगुर्ल्याची पत्रं आहेत, कोकणातले भाव, जहाजं, माणसं, दुष्काळ, सगळं. महाराष्ट्रातल्या अभ्यासकांना जुनी डच येत नाही, जी दोनचार माणसं शिकली त्यांनी आयुष्य घातलं त्यात. आणि इथे आपल्या मंडळात अशी पोरं आहेत जी डच शाळेत शिकलीत, घरी मराठी बोलतात, दोन्ही भाषा अस्खलित. अशी पाच सहा पोरं आणि त्यांना जुनं अक्षर वाचायला शिकवणारा एक शिक्षक मिळाला तर वर्षाला थोडी थोडी पत्रं मराठीत येऊ शकतात. शिक्षकाची फी मी आणि अजून दोघं मिळून भरायला तयार आहोत. ज्यांच्या मुलामुलींना रस असेल त्यांनी सहलीच्या दिवशी बसमध्ये मला गाठा, मी मागच्या सीटवर असतो.

तुमचाच,
उट्रेख्टचा एक सभासद